आपट्यांच्या बागेतला वेळू

मत्सर करू नये, असं सांगणाऱ्यांच्या घरी एकदा जाऊन यावं. दारात दोन मोटारी असतात, मुलीला वेगळी खोली असते, आणि त्या खोलीत तिचा वेगळा टेलिफोन असतो. मंजिरी शेवाळे तसल्या घरी जाऊन आली होती. तिला उल्का आपटेचा मत्सर वाटायचा, आणि तसा वाटण्यात आपली काही चूक आहे असं तिच्या मनात कधी आलं नाही. किडलेला दात दुखतो तसा तो दुखायचा. जीभ सारखी दातावर जाते, तशी तिची नजर वर्गात सारखी उल्कावर जायची.

दोघी वॉटफर्डच्या एकाच शाळेत, एकाच वर्गात. दोघी इंग्लंडात जन्मलेल्या आणि वर्गात मराठी अशा याच दोघी. बाकी गुजराती, पंजाबी, आयरिश आणि उरलेले इंग्रज. त्यामुळे सगळ्यांनी धरूनच चाललेलं, की या दोघी जिवाभावाच्या. उल्काही तसंच धरून चालायची. तिचे वडील डॉक्टर श्रीनिवास आपटे हॉस्पिटलात भूल द्यायचे. मंजिरीची आई यमुना त्याच हॉस्पिटलच्या तळघरात, लाँड्रीत, चादरींना इस्त्री करायची. बाप पद्माकर मुंबईच्या छापखान्यातून वॉटफर्डच्या छापखान्यात आलेला, मशीनवर. एका भाषेची माणसं, एक इमारत, मधे लिफ्टसुद्धा होती. पण त्या लिफ्टमधून खाली कोणी आलं नाही.

आपट्यांकडे वर्षातून तीन-चार कार्यक्रम व्हायचे. सुप्रभा आपटे, म्हणजे उल्काची आई, डॉक्टरांच्या बायकांना फोन करायची, "वहिनी, चारला या हं." यमुनेला फोन करायची, "यमुनाबाई, जरा लवकर या." ज्यांना जरा लवकर बोलावतात ते पाहुणे नसतात, हे मंजिरीला फार लहानपणी कळलं. आई आत डाळ वाटत असायची, पुऱ्या लाटत असायची, आणि उल्का मंजिरीचा हात धरून म्हणायची, चल, माझ्या खोलीत खेळू. उल्का चांगली होती. सगळी पंचाईत तिथंच होती. ती दुष्ट असती तर मंजिरीला किती सोपं गेलं असतं.

सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात वर्गाची सहल स्कॉटलंडला जायची होती. उत्तरेला, डोंगरात, एका लॉखच्या, म्हणजे तळ्याच्या, काठी हॉस्टेल होतं, तिथं आठवडाभर. इतिहास शिकवणारे मिस्टर गॅलब्रेथ स्वतः तिकडचे. लाल मानेचा, मोठ्या हाडापेराचा माणूस. त्यांनी जाहीर केलं, की माझ्या मुलखात कोणी बिस्किटांच्या डब्यावरचं चित्र बघायला यायचं नाही. आधी शिका, मग बसमध्ये चढा. आणि जानेवारीपासून वर्गाला स्कॉटलंडने झपाटलं. मीठ घालून मळलेल्या कणकेचा डोंगराळ नकाशा झाला. पुठ्ठ्याच्या मागावर लोकरीचं चौकड्यांचं टार्टन विणून झालं. जिममध्ये शुक्रवारी नाच बसवायला लागले. मुलामुलींनी एकमेकांचे हात धरायचे, गोल फिरायचं आणि मग हात पँटला पुसायचे.

या सगळ्यात उल्का पुढे. तिच्याकडे खरा किल्ट होता, तिकडचा चुण्यांचा घागरा. डॉक्टर आपटे एकदा परीक्षेला एडिंबरोला गेले होते, तिथून नावामागे चार अक्षरं आणि मुलीला किल्ट घेऊन आले. मिस्टर गॅलब्रेथ म्हणाले, लॉख म्हणताना इंग्रजांच्या घशाला फोड येतो, पण उल्काकडे बघा, कसा स्वच्छ ख काढते. मंजिरीने बसल्या जागी चार वेळा लॉख म्हणून पाहिलं. तिचा ख काही कमी नव्हता. मराठी पोराला ख काढायला काय लागतं? पण तिला कुणी विचारलं नाही.

मग एक दिवस हॅगिस आलं. मेंढीचं काळीज, फुप्फुस, ओटचं पीठ, कांदा, मिरी, सगळं पिशवीत शिजवलेलं. गुजराती मुलींसाठी बिनमांसाचं वेगळं होतं. वर्गात नाकं दाबणं चाललं होतं. मंजिरीला पहिल्या घासाला कळलं की ही तर वजडीची चुलत बहीण. आई रविवारी करते तीच, फक्त तिखट विसरलेली. तिने बशी पुसून खाल्ली आणि आणखी मागितलं. शेजारचा केव्हिन शी म्हणाला. उल्काने काट्याच्या टोकावर कणभर घेतलं, डोळे मिटले आणि गिळलं. घरी मांस चालत नाही, तरी गिळलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मंजिरी रिकाम्या बशीकडे बघत बसली. काही जणांना पोटभर खाऊन काही मिळत नाही, काही जणांना कणभर चाखून टाळ्या मिळतात.

गॅलब्रेथांचा एक तास मात्र तिच्या डोक्यात जाऊन बसला. त्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. डोंगरातल्या लोकांना त्यांच्याच चीफांनी, म्हणजे कुळाच्या नायकांनी, जमिनीवरून कसं उठवलं ते सांगितलं. मेंढ्यांत पैसा जास्त होता. माणसं हलेनात म्हणून छपरं पेटवली. त्यांच्या स्वतःच्या खापरपणजीला भिजलेल्या ब्लँकेटसकट बाहेर काढलं होतं. आणि डोंगर मोकळे झाल्यावर, ते म्हणाले, लंडनचे श्रीमंत शिकारीला आले, त्यांना आमचा वेष फार आवडला, आणि नाचाच्या पार्टीत त्यांनी किल्ट घातले. पोरं हसली. गॅलब्रेथ हसले नाहीत. मंजिरीही हसली नाही. तिला सगळं समजलं असं नव्हे, पण आत कुठेतरी काहीतरी बरोबर खाचेत बसलं.

एप्रिलमध्ये त्यांनी चीफचं काढलं. सहलीच्या शेवटच्या दिवशी गावच्या हॉलमध्ये जमायचं होतं. गावातली जुनी कुळं येणार, पाइपर बॅगपाइप वाजवणार. आपला वर्ग म्हणजे एक पाहुणं कूळ. त्याला चीफ पाहिजे. पाइपरच्या मागे पहिलं पाऊल चीफचं, आणि गावच्या स्वागताला उत्तर देणार चीफ. तो कोण, ते ठरवायची रीत अशी: प्रत्येकाने आपल्या कुळाची गोष्ट सांगायची. स्कॉटलंडचं एखादं कूळ निवडा, नाहीतर स्वतःचं असेल तर स्वतःचं. पण झाड पाहिजे. टार्टन वगैरे सगळं नंतरचं, गॅलब्रेथ म्हणाले. आमचे लोक टोपीत आपापल्या कुळाची डहाळी खोवायचे, पाइनची, हेदरची, ज्युनिपरची. लढाईत त्यावरून कळायचं, कापायचं कोणाला आणि वाचवायचं कोणाला.

वर्गातल्या पोरांनी तिथंच उल्काकडे पाहिलं. किल्ट तिच्याकडे, ख तिच्याकडे, चीफ दुसरं कोण होणार? उल्का लाजली. तिचं ते लाजणं बघून मंजिरीने मनात ठरवलं: मी. काही झालं तरी मी. आयुष्यात एकदा तरी ही माझ्या मागून चालेल.

घरी आल्यावर तिने बापाला विचारलं, आपल्याला कूळ आहे का? पद्माकर रात्रपाळीला निघायचा होता, सॉक्स शोधत होता. म्हणाला, आहे म्हणजे? आपल्याला देवक आहे.

"देवक म्हणजे काय?"

"वेळू. आपलं देवक वेळू."

मग यमुनाच पोळपाट बाजूला करून सांगायला बसली. लग्नात मांडव घातला की आधी देवक आणायचं. झाडाला जाऊन हळदकुंकू लावायचं, आमच्या घरी कार्य आहे, चला, म्हणून विनवायचं, आणि वाजतगाजत मांडवात आणून बांधायचं. वेळूशिवाय शेवाळ्यांचं लग्न लागत नाही. ज्यांचं देवक एक ती सगळी भावंडं, त्यांच्यात सोयरीक होत नाही. यमुनेच्या माहेरचं देवक कळंब होतं. लग्न झालं आणि ती वेळूची झाली. मंजिरी ऐकत राहिली. पाइपर, डहाळी, भावंडं. गॅलब्रेथांनी सांगितलं ते सगळंच्या सगळं आपल्या स्वयंपाकघरात होतं आणि बारा-तेरा वर्षं कुणी तोंडातून काढलं नव्हतं.

ती म्हणाली, मला वेळूची डहाळी पाहिजे, शाळेत न्यायला.

यमुनेचा चेहरा बदलला. "तोडायचा नाही. आपण वेळू तोडत नाही, जाळत नाही. कार्य असलं तरच, तेही त्याची परवानगी मागून. गावाकडे माझ्या सासऱ्यांनी म्हशीच्या गोठ्याला कधी वेळू वापरला नाही. दुसऱ्या झाडाचं लाकूड विकत आणलं."

"मग मी काय नेऊ?"

"गळलेलं पान ने. ते त्यानं आपणहून दिलेलं असतं."

पण वॉटफर्डमध्ये वेळू कुठला? तिघंही विचार करायला लागले आणि तिघांनाही एकाच वेळी आठवला. आपट्यांच्या बागेत, शेडच्या मागे, छोट्या तळ्याकाठी. मागच्या मालकाने हौसेने लावलेला. पद्माकर सॉक्स चढवत म्हणाला, त्यांच्या दारात काही मागायला जायचं नाही. आणि दार लावून कामावर गेला. मंजिरी मनात मोजत बसली. घर त्यांचं, बाग त्यांची, टेलिफोन त्यांचा. आपलं देवकसुद्धा त्यांच्याच बागेत.

तरी शनिवारी ती गेली. नाचाचा सराव करायचा म्हणून सांगितलं. कोटाच्या खिशात आईने दिलेली हळदकुंकवाची पुडी होती. सुप्रभाने दार उघडलं आणि तोंडभर हसली. "ये गं. आई बरी आहे ना? पुढच्या शनिवारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. वेंब्लीहून कैऱ्या आणल्यात. आईला म्हणावं, जरा लवकर या."

उल्का वर फोनवर होती. मंजिरी सरळ मागे गेली. वेळू होता तिथंच होता, वर्षभरात आणखी दाटला होता. तिने पुडी सोडली, एका पेरावर हळद लावली, कुंकू लावलं. आईने सांगितलेले शब्द ऐन वेळी आठवेनात, म्हणून नुसतं, "मी शेवाळ्यांची," एवढं म्हणाली. मग वाकून एक गळलेलं पान उचललं, वाळकं, टोकाला दुमडलेलं, आणि रुमालात ठेवलं.

"काय करतेयस?"

उल्का सपाता घालून मागे येऊन उभी होती. दोघी एकमेकींशी इंग्रजीतच बोलायच्या, आणि इंग्रजीत मंजिरीने सगळं सांगितलं. सांगायची गरज नव्हती, काहीतरी थाप मारता आली असती. पण तिला सांगायचं होतं. मांडव, वाजंत्री, भावंडं, सगळं तिने रंगवून रंगवून सांगितलं, आणि सांगता सांगता उल्काच्या चेहऱ्यावर एक गोष्ट उमटताना पाहिली. ती काय आहे हे मंजिरीने लगेच ओळखलं, कारण रोज सकाळी दात घासताना ती आरशात तीच बघत होती.

मत्सर. उल्का आपटेला, मंजिरी शेवाळेचा.

असलं सुख मंजिरीला कधी मिळालं नव्हतं. ते सांडू नये म्हणून ती गप्प उभी राहिली. सगळं सांगितलं होतं, एक सोडून. वेळू तोडायचा नसतो, तेवढं तिने सांगितलं नाही.

उल्का धावत हिरवळीवर गेली. डॉक्टर तिथं खुर्चीत पेपर वाचत होते. मराठीत विचारलं, "डॅडी, आपली देवक कोणती?"

डॉक्टर हसले. "आपली नव्हे, आपलं. आणि ते आपल्यात नसतं गं असं. झाडाबिडांचं ते... त्यांच्यात असतं. आपल्याला गोत्र आहे, ऋषी आहेत. ते सांग की तुझ्या सरांना." मंजिरी चार पावलांवर उभी होती. डॉक्टरांनी तिच्याकडेही बघून तसंच प्रेमाने हसून दाखवलं. इंजेक्शन देण्याआधी असंच हसत असतील.

"मला ऋषी नको. मला झाड पाहिजे."

सुप्रभा कैऱ्यांची पाटी घेऊन दारात आली होती. म्हणाली, "घेऊ दे हो तिला. आपण सगळे मराठीच की. आणि झाड तर आपल्याच बागेतलं आहे."

सगळे मराठीच की. हे वाक्य वरून खाली येतं, खालून वर कधी जात नाही. यमुना डाळ वाटत असताना ते कुणाला आठवलं नव्हतं.

मंजिरी निघाली. फाटकाशी पोचली तेव्हा मागून खट् असा आवाज आला. घराच्या बाजूच्या बोळातून तिला दिसलं: उल्का, लाल मुठीची झाडं छाटायची कात्री, आणि हिरवागार शेंडा. खट्. आणखी एक. हळद लागलेलं पेर बाजूलाच होतं. मंजिरीचं तोंड उघडलं. ओरडली असती तर ऐकू गेलं असतं, अंतर काही फार नव्हतं. तिने तोंड मिटलं आणि बसस्टॉपकडे चालू लागली.

सोमवारी गोष्टी सुरू झाल्या. हजेरीच्या क्रमाने, म्हणजे आपटे आधी. उल्का किल्ट घालून उभी राहिली. खांद्यावर चांदीच्या पिनेने वेळूची झुपकेदार डहाळी लावली होती. आणि ती फार सुंदर बोलली. मंजिरीने जे अडखळत सांगितलं होतं ते उल्काच्या तोंडातून टीव्हीवरच्या बाईसारखं बाहेर पडलं. ढोल आले, मांडव आला, एका झाडाची लेकरं म्हणजे भावंडं हे आलं. शेवटी ती म्हणाली, "आमच्या लोकांचं झाड वेळू आहे." वर्ग टाळ्या वाजवत राहिला. गॅलब्रेथ टेबलाच्या कोपऱ्यावर बसले होते, त्यांनी डोळे पुसल्यासारखं करून चष्मा पुसला. मंजिरीचं सगळं अंग तापलं. तिची गोष्ट तिच्यापेक्षा उल्काच्या अंगावर चांगली दिसत होती.

मधे केव्हिनचा पाइन झाला, एका मुलाचं काटेरी थिसल झालं, आशा पटेलने तुळस आणली होती. मग शेवाळे. मंजिरीने रुमाल उलगडला, वाळकं पान वर धरलं आणि म्हणाली, माझ्या कुळाचं झाड वेळू आहे. मागून कोणीतरी म्हणालं, कॉपी. हशा झाला. उल्का हसली नाही. ती मान हलवून मंजिरीला धीर देत होती. मंजिरीला तेच सहन झालं नाही.

"मी कॉपी केलेली नाही," ती म्हणाली. "उल्का, ती डहाळी कुठून आणलीस?"

"आमच्या बागेतून. तुला माहितेय."

"पडलेली होती?"

"नाही. मी कापली."

"आम्ही कापत नाही." मंजिरीचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "आम्ही वेळू कापत नाही, जाळत नाही. माझ्या आजोबांनी गोठ्यालासुद्धा वापरला नाही. तो आमचा भाऊ आहे. लग्नात त्याला विचारून आणतात. हे पान त्यानं आपणहून टाकलेलं आहे, म्हणून माझ्याकडे एवढंच आहे. जो कापतो तो वेळूचा नसतो. सर, तुम्ही सांगितलं होतं ना, ज्यांनी छपरं जाळली त्यांनीच किल्ट घातले?"

उल्काचा हात पिनेकडे गेला आणि तिथंच राहिला. गॅलब्रेथांनी तिला हळू आवाजात विचारलं, हे झाड तुमच्या घरचं आहे असं तुला कोणी सांगितलं? उल्का म्हणाली, ममी म्हणाली, सगळं आपलंच आहे. गॅलब्रेथ नाकातून एकदा हसले, ते हसणं काही चांगलं नव्हतं. म्हणाले, हे वाक्य आम्हीही ऐकलंय, फार चांगल्या घरांतून. मग ते उठले आणि मतबित काही न घेता सांगून टाकलं, की चीफ शेवाळे. त्यांना नाव नीट म्हणता आलं नाही, पण म्हणाले.

आणि मग उल्का रडली. आवाज न करता, पिनेवर हात ठेवून, जशी ती सगळं करायची तशी नीट. तिच्याभोवती मुलींचं कोंडाळं झालं. कुणी टिशू दिला, कुणी पाठीवरून हात फिरवला, केव्हिनने चॉकलेट पुढे केलं. आशा पटेल जाता जाता मंजिरीला म्हणाली, एवढं वाईट बोलायची गरज नव्हती. मंजिरी फळ्यापाशी वाळकं पान धरून एकटी उभी होती. ती चीफ झाली होती. आणि ती उल्काकडे बघत होती, तिच्या पाठीवरच्या त्या सगळ्या हातांकडे. रडली तर मला एवढे हात मिळतील का? मिळणार नाहीत, हे तिला माहीत होतं.

घरी तिने दारातूनच सांगितलं, मी चीफ झाले. पद्माकर झोपेतून उठून आला, दोन्ही हातांनी तिचं डोकं धरून हलवलं. म्हणाला, शाब्बास, आपट्यांना दाखवलंस. यमुनेने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिने विचारलं ते दुसरंच.

"किती कापला?"

"दोन शेंडे. तीन असतील."

"तू तिथं होतीस?"

मंजिरी बुटाची नाडी सोडायला वाकली. यमुना तिच्याकडे बघत राहिली, मग गॅसकडे वळली. म्हणाली, "नायक कसली गं तू? नायकानं आधी ओरडायचं असतं."

त्या शनिवारी आपट्यांकडून फोन आला नाही. लवकर या नाही, उशिरा या नाही. हळदीकुंकू झालं असणार, डाळ दुसऱ्या कुणीतरी वाटली असणार. यमुना चैत्रातल्या शनिवारी पहिल्यांदाच घरी बसली. बरं झालं, म्हणाली. दुपारी मात्र तिने चांगली साडी नेसली, खिडकीशी उभी राहिली, आणि संध्याकाळी सोडून घडी करून ठेवली. मंजिरीने ते पाहिलं. तिला आपट्यांचा राग आला, मग आईचा आला. नको तिथलं आमंत्रण हुकलं म्हणून माणसाला वाईट का वाटावं, हे तिला कळेना. तिला स्वतःलाही थोडं वाटत होतं, म्हणून जास्तच राग आला.

सहलीच्या सकाळी शाळेसमोर बस उभी होती. आई-वडील फुटपाथवर. सुप्रभा मोटारीला टेकून, यमुना लाँड्रीचा निळा कोट घालून पार दुसऱ्या टोकाला, कारण तिला इथूनच कामावर जायचं होतं. चीफला पुढची खिडकी मिळाली. शेजारची सीट कुणी घेईना. आठवडाभर मुली मंजिरीशी कामापुरतंच बोलत होत्या.

उल्का चढली. मागे तिच्यासाठी चार जणींनी जागा धरली होती, हाका मारत होत्या. ती मंजिरीच्या शेजारी बसली. बॅग पायाशी ठेवली. बस हलली, फुटपाथ मागे गेला. मंजिरीने आईचं वाक्य आठवून सॉरी तयार ठेवलं होतं. रात्रभर घोकलं होतं ते. मोटरवेला लागेपर्यंत म्हणायचं, असं ठरवलं होतं.

उल्काच आधी बोलली.

"त्या दिवशी तू फाटकाशी उभी होतीस. मी पाहिलं होतं तुला."

मंजिरी बाहीने खिडकीची काच पुसायला लागली.

"तू बघत होतीस आणि काही म्हणाली नाहीस. मला वाटलं, म्हणजे चालतंय. मला वाटलं, तू मला घेतलंस." उल्काच्या आवाजात रडणं नव्हतं, तक्रारही नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "का नाही सांगितलंस?"

सॉरी जिभेवर होतं. मंजिरीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. स्वच्छ चेहरा, पिनेने नीट बसवलेले केस, आणि सगळ्या जगाने आपल्याला उत्तर द्यायचंच असतं अशा खात्रीने उघडे ठेवलेले डोळे.

"सांगितलं असतं तर तू तेही घेतलं असतंस," मंजिरी म्हणाली.

मागे पोरांनी गाणी सुरू केली होती. गॅलब्रेथ ड्रायव्हरशी रस्त्यावरून वाद घालत होते. उल्काने पायाशी ठेवलेल्या बॅगेचा पट्टा धरला. चिडेल, उठून मागे जाईल, असं मंजिरीला वाटलं. तिने जावं, अशीच तिची इच्छा होती.

"हो," उल्का म्हणाली. "घेतलं असतं."

एवढं म्हणून ती तिथंच बसून राहिली. खरं बोलणंसुद्धा हिला परवडतं, मंजिरीच्या मनात आलं. ठेवणीतलं सॉरी गिळून तिने खिडकीकडे तोंड केलं, आणि उत्तरेकडे जाणारा रस्ता संपेपर्यंत ती जळत राहिली.